पाण्याची पाळी आणि मुकं मीटर

कुणी "सगळं ठीक आहे" म्हटलं की मी आधी वायर हलवून बघते. कुरकुंभच्या कारखान्यात यंत्रांच्या कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहायचं माझं काम. कामामुळं मी अशी संशयी झाले की संशयी होते म्हणून या कामात टिकले, देव जाणे. सेन्सर, वायरमन, उंदीर, कुणावरही माझा विश्वास नसतो.

आमची वस्ती इनामगावच्या अलीकडं. विहीर एक आणि वाटेकरी दोन: माझे वडील, म्हणजे आबा, आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या. पाण्याच्या पाळीवरून रोजची कुरकुर, म्हणून मीच एक पेटी बनवून विहिरीवर बसवली. वीज आली की मोटार सुरू व्हायची आणि आधी आबांचा व्हॉल्व्ह उघडायचा, कारण थोरल्याची पाळी आधी, हा आजोबांपासूनचा रिवाज. किती पाणी गेलं, हे पेटी पाइपावरच्या मीटरला सारखं विचारत राहायची. ठरलेलं पाणी गेलं की आबांचा व्हॉल्व्ह बंद, तात्यांचा चालू. भांडण मिटलं म्हणून दोघांनी मला पेढा भरवला.

यंदा पावसानं ओढ दिली आणि तात्यांच्या शेवंतीला पाणी पोचेना. दसऱ्याच्या बाजारासाठी धरलेली शेवंती, ऐन कळीच्या वेळी माना टाकायला लागली. ती गेली असती तर तात्यांचं वर्षच गेलं असतं. मी कामासाठी दौंडला राहते; तिथं त्यांचा फोन आला.

"पोरी, तुझी पेटी माझ्या पाळीला येतच न्हाई. तिकडं उसात पाणी चालूच ऱ्हातंय. पेटी तुझी, ऊस तुझ्या बापाचा. मी काय समजायचं?"

मी भडकले. पेटीला नाती कळत नाहीत, असं तोंडावर सुनावलं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याचं कायमच आसं हाय. चोराच्या मनात चांदणं." मलाही वाटून गेलं, पेटी नको झाली म्हणून तात्याच काहीतरी खुडबुड करत असतील.

गुरुवारच्या सुट्टीला घरी गेले, प्रोग्रॅम उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. मीटरला विचारलं की उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम त्याच ओळीवर थांबत होता. किती वेळ थांबायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. मीटर गप्प बसलं की पेटीही जागच्या जागी उभी. उघडा व्हॉल्व्ह उघडाच, आणि वीज जाईपर्यंत सगळं पाणी उसाला. वीज परत आली की पुन्हा सुरुवात थोरल्यापासून!

पण मीटर गप्प का बसावं? वायर शाबूत होती, उंदराचा दात कुठं लागलेला नव्हता. मी विहिरीवर बसून राहिले तर मीटर प्रत्येक वेळी बिनचूक उत्तर देत होतं. मला काही ते पटेना. तरी टाइमआउट घातला: जरा वाट बघ, उत्तर नाही आलं तर परत विचार, तरीही गप्प असेल तर मीटरचा नाद सोड आणि घड्याळावर पाळी बदल.

संध्याकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं, चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, माणसांची नाही. तात्या तडक उठले आणि आबांच्या पाया पडले. "दादा, न्हाई न्हाई ते बोललो तुम्हाला. पोटात ठिवू नका."

"व्हतंय आसं," आबा म्हणाले आणि गोठ्याकडं निघून गेले. मला हायसं वाटलं. घर राखलं, असंच वाटलं.

पुढच्या गुरुवारी गेले तेव्हा शेवंतीनं माना वर काढल्या होत्या. चहा पिताना आबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आता ती मीटरची पिवळी वायर काढली तरी पाणी तिकडं जातंय व्हय?"

मी कप खाली ठेवला. मीटर मुकं कोण करत होतं, ते आता कळलं. राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त.

"जातंय, आबा," मी म्हणाले.

त्यांनी नजर उसाकडं वळवली. "तात्याला कळू दिऊ नगंस."

"पाया पडून घेतलंत त्यांच्याकडून."

आबांनी मान खाली घातली.