शक्यतो

नळ गळत असल्याचा आवाज ऐकून भरल्या ताटावरून उठणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या मुलीचा सासरा आहे. लोकांच्या वाट्याला मानपानाचे, रुसव्याफुगव्याचे व्याही येतात. माझ्या वाट्याला आले ते पिशवीत तोट्या घेऊन फिरणारे. तोटी म्हणजे नळाच्या तोंडाला असते ती, फिरवली की पाणी बंद होतं ती. या गृहस्थांच्या वरच्या खिशात चष्मा, बाजूच्या खिशात पाना आणि पिशवीत चार-पाच तोट्या व पांढऱ्या टेपचं बंडल असं कायम असतं. एकदा आम्ही दोघं कारंज्याहून निघालो होतो. गाडी फलाटाला लागलेली, मी खिडकीची जागा धरलेली, आणि हे पाणपोईच्या नळाला टेप गुंडाळत बसले. गाडी गेली. मला त्यांच्यासाठी उतरावं लागलं. दुसरी गाडी येईल, गेलेलं पाणी येत नाही, असं त्यांनी मला समजावलं. ते मी कौतुकानं ऐकून घेतलं, कारण तेव्हा सोयरिक नवी होती आणि मी थकलेलो नव्हतो.

खरं तर मुलगी पाहायला आले तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. बरोबरची मंडळी पोहे खात होती आणि हे मागच्या अंगणात मोरीचं पाणी कुठं जातं ते वाकून पाहत होते. परत येऊन म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पन इवाई, तुमची टाकी वाहून राह्यली." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मुलानं अजून होकार दिला नव्हता, पण टाकीच्या घाईत त्यांनी नातं जोडून टाकलं. लग्नात मुलीच्या बापानं व्याह्याचे पाय धुवायचे असतात. मी तांब्या घेऊन वाकलो तर यांनी आधी घमेलं मागवलं, त्यात उभे राहिले, एका तांब्यात दोन्ही पाय उरकून घेतले आणि घमेलं स्वतः उचलून मांडवाबाहेरच्या लिंबाला ओतायला निघाले. काही तरी विधी असेल असं समजून बँडवालेही वाजवत त्यांच्या मागे गेले. पंगतीत प्रत्येकाला अर्धाच पेला पाणी. कितीदाही मागा, मिळेल, पण अर्धाच. माझे थोरले मेहुणे भरलेल्या पेल्यासाठी हट्टाला पेटले आणि शेवटी मठ्ठ्यावर तहान भागवून, न बोलता घरी गेले. ते अजून त्या पेल्याचं नाव काढतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण मी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर बाबू होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, सांगून काही फरकही पडणार नाही. व्याह्यांचं गाव मानोऱ्याच्या पलीकडे. गावात नळयोजना झाली, पाइप आले, गल्लोगल्ली नळ उभे राहिले, फक्त तोट्या राहून गेल्या. चौथ्या दिवशी पाणी सुटायचं, ते वरच्या आळीत उघड्या नळांतून नालीत वाहायचं, आणि खालच्या आळीतल्या शेवटच्या नळातून नुसती हवा यायची. व्याह्यांचं घर खालच्या आळीत, त्या शेवटच्या नळापाशी. म्हणजे रांगेत गुंड, पाणी भरायची मोठी घागर, घेऊन उभी राहणारी त्यांची सून, अर्थात माझी ज्योती. त्यांनी आधी स्वतःच्या पिशवीतल्या तोट्या बसवून पाहिल्या. काही पोरांनी मोडल्या, काही बायांनीच काढल्या, कारण तोटीतून धार बारीक येते आणि भांडं भरायला वेळ लागतो. तेव्हा हे मला म्हणाले, "मी कोन्या कोन्या नळाले पुरू? नियम पाह्यजे, इवाई."

नियम त्यांनी स्वतःच तयार करून आणला होता आणि तो एकाच वाक्याचा होता. प्रत्येक नळाला तोटी बसवल्याशिवाय नळयोजनेचं काम पूर्ण झाल्याचा दाखला ठेकेदाराला देऊ नये. हे वाक्य घेऊन ते दर सोमवारी माझ्या टेबलासमोर येऊ लागले. मध्येच ठिबकवर, तुषारवर, शाळेच्या छतावरून वाहून जाणाऱ्या पाण्यावर एखादा अर्ज असायचा, पण तोटीचा चुकायचा नाही. आता अर्जदाराला उद्या दुपारनंतर या असं सांगता येतं, व्याह्याला कसं सांगणार? मुलगी त्यांच्या घरात. मी उठून उभा राहायचो, खुर्ची द्यायचो, चहा मागवायचो, विहीणबाईंची खुशाली विचारायचो आणि मग उभ्याउभ्याच अर्जावर शिक्का मारायचो. पेल्यात उरलेलं पाणी ते खिडकीतल्या मरायला टेकलेल्या तुळशीला घालायचे. ती तुळस त्यांच्यावरच जगली. एकदा माझ्या मागचा गठ्ठा न्याहाळून म्हणाले, "तुमच्या हापिसात आवक लय हाय, पन जावकच नाई. धरन असतं तं कवाचं फुटलं असतं." सगळं कार्यालय हसलं. मीही हसलो, पण पुढच्या सोमवारी ते फाटकात दिसले तेव्हा मी डबा घेऊन मागच्या दारानं सटकलो. हे सांगायला लाज वाटते, पण वर्षभर एकच वाक्य ऐकून माणूस किती शिणतो हे ज्याचं त्यालाच माहीत.

पुढे एक साहेब आले. त्यांनी तो अर्ज चक्क वाचला. बरोबर आहे म्हणाले, सगळ्या गावांना आदेश काढू, तुम्ही मसुदा करा. मसुदा माझ्याकडे आला. मी चष्मा पुसला आणि तीस वर्षांच्या हातानं लिहिलं, 'प्रत्येक नळाला शक्यतो तोटी बसविण्यात यावी व त्यानंतरच दाखला देण्यात यावा.' शपथेवर सांगतो, मनात वाईट काही नव्हतं. शक्यतो हा शब्द न घालता मी जन्मात कधी मसुदा केला नव्हता. हा शब्द म्हणजे आम्हा बाबू लोकांची छत्री. ऊन असो, पाऊस असो, काखेत असलेली बरी. साहेबांनी सही केली. आठवड्यानं त्यांची बदली झाली.

आदेश निघाल्याचं कळलं त्या सोमवारी व्याही डोक्यावर टोपलं घेऊन आले. घरचे रोडगे, वांग्याची भाजी, वर तूप. सगळ्या कार्यालयाला, शिपायापासून सगळ्यांना, त्यांनी स्वतः वाढलं. जेवणं झाल्यावर हात पुसून, चष्मा लावून आदेशाची प्रत वाचायला बसले आणि एका जागी थांबले. बोट त्या शब्दावर तसंच ठेवून त्यांनी मान वर केली.

"इवाई, हे शक्यतो कोनं घातलं?"

"वरून आलं," मी म्हणालो.

माझ्या वर फक्त पंखा होता. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मान हलवली आणि रिकामं टोपलं उचललं. महिन्याभरात ठेकेदारानं लिहून दिलं की तोट्या बसविणे शक्य झाले नाही. दाखला मिळाला. पुढच्या सोमवारपासून अर्जाचा विषय बदलला. 'आदेशातील शक्यतो हा शब्द वगळणेबाबत.' माझ्या निवृत्तीपर्यंत, दोन वर्षं, त्या शब्दाविरुद्धच्या प्रत्येक अर्जावर त्या शब्दाच्या बापानं शिक्का मारला. एकदाही खरं बोलायची हिंमत झाली नाही.

निवृत्त झाल्यावर यंदा वैशाखात ज्योतीकडे गेलो. पाणी सुटायचा दिवस होता. वरच्या आळीत नाली भरून वाहत होती, म्हशी तिथंच बसल्या होत्या. खाली शेवटच्या नळापाशी माझी मुलगी डोक्यावर पदर घेऊन, रिकाम्या गुंडावर हात ठेवून उन्हात बसलेली. नळ फुसफुसत होता. मला पाहून ती हसली, आणि मी तिच्याकडे न जाता बाजूला वळलो. व्याही जवळच लिंबाखाली पाना घेऊन बसले होते. त्यांच्याशेजारी टेकलो आणि म्हणालो की ते शक्यतो वरून आलं नव्हतं, मीच लिहिलं होतं.

ते पान्याचा आटा फिरवत राहिले. रागावतील, उठून जातील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुमीच घातलं नं? मंग आता तुमीच काढा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन पोरीले सांगू नका."

आता दर सोमवारी आम्ही दोघं जातो. टेबलाच्या त्या बाजूला माझ्या जागी एक तरुण मुलगी आहे. ती शिक्का मारते, पण बसा म्हणत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. अर्ज मी लिहितो, कारण माझा मसुदा चांगला. व्याही तो बोट ठेवून वाचतात, कुठं ते शक्यतो पुन्हा शिरलं तर नाही ना म्हणून.

परवा त्यांच्याकडे जेवायला थांबलो. ज्योती रिकामा गुंड घेऊन घरात आली, तो कोपऱ्यात ठेवला आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बाबा, ज्या बाबूनं ते शक्यतो लिहिलं नं, त्याले एक डाव आमच्या नळावर उभं केलं पाह्यजे."

मी भाकरीचा तुकडा नुसताच भाजीत फिरवत राहिलो. व्याह्यांनी ताटातून मान वर केली नाही.

"असंन वं बाई कोनी," ते म्हणाले. "सवयीनं लिहिलं असंन. मानूस वाईट नसंन."

आणि त्यांनी तांब्या उचलून माझा पेला भरला, काठोकाठ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तो सगळा प्यायलो, थेंब ठेवला नाही.