घुमटाखालची कुजबुज

औरंगाबादेत भाजीबाजारामागे एक मोगलकालीन मशीद आहे. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. तिच्या कमानी इतक्या नाजूक, की कबुतरंसुद्धा चवड्यांवर बसतात. तिचा घुमट मुंगीचा खोकलाही पलीकडच्या कोपऱ्यात पोचवतो, अशी थाप मी वीस वर्षं मारत आलो आणि माझा मित्र नाना दर वेळी साक्षीला मान डोलावत आला.

काल पलीकडच्या कोपऱ्यात नाना तिथल्या म्हाताऱ्या चाचांना हळूच म्हणाला, "ह्याचं एक अक्षर खरं मानू नका चाचा. मी आपली दयेपोटी मान हलवतो."

घुमटाच्या गुळगुळीत चुन्यावरून घसरत ते शब्द थेट माझ्या कानात उतरले. कारागिरांनी इतकं प्रामाणिक काम करायला नको होतं. माझी एक थाप अखेर खरी निघाली, आणि मान डोलावणारा साक्षीदार तेवढा उरला नाही.