दोन बुटांमधला गोल

बहरीनमध्ये तुबली भागातल्या एका गॅरेजमागे आमची फुटबॉल टीम दर शुक्रवारी खेळायची. कुठल्याच लीगमध्ये आम्ही नव्हतो. येईल तो खेळेल, एवढाच नियम. जवळच्या सित्रा भागातल्या एका कंपनीतला माणूस शिफ्ट संपवून थेट यायचा. सेफ्टी शूज काढून एकमेकांपासून अंतरावर ठेवायचा; तोच आमचा गोल. मधे अनवाणी उभा राहून बॉल अडवायचा आणि वर आम्हालाच शिव्या घालायचा. नाव कोणी विचारलंच नाही.

यंदा कॅप्टनच्या डोक्यात लीग शिरली. छापील जर्सी, ठरलेले खेळाडू, ठरलेल्या वेळा. ऑफिसवाल्यांनी पटापट हात वर केले.

आमचा अनवाणी गोलकीपर म्हणाला, "माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. तुमची लीग बदलणार काय?"

"नियम आहे रे," कॅप्टन म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. नियम कसला डोंबलाचा! आपल्याच गोलकीपरला हाकलायची सोय!

पुढच्या शुक्रवारी सगळे लीगला गेले. मी तुबलीला गेलो. बूट जागेवर होते, मधे तो.

"बघतोस काय? मार!"

मी सगळा राग बॉलवर काढला. त्याने तो छातीवर अडवला आणि माझ्याकडे परत ढकलला.

"हा तुझा राग झाला. आता माझ्या वाटणीचा मार."