ती शाल माझी होती

हमीद शेख गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंचवटीच्या भाजीबाजारात होतो. भाजीवाली नेमकं तेव्हाच म्हणाली, "मास्तर, जोडीदार कुठंय आज?" आम्ही उभं आयुष्य एकाच शाळेत शिकवलं, तो इतिहास, मी मराठी. बाजारात हमीद आधी वांग्यांना नमस्कार करायचा, मगच भाव विचारायचा. ही बाई एकदा वैतागली, "वांगी हाय का व्याही हाय तुमचे?" हमीद गंभीरपणे म्हणाला, "व्याह्यांना भाव विचारतात का कधी? ते सांगतील तो निमूट द्यायचा."

शाळेतल्या शोकसभेत एक जण म्हणाले, "हमीदसर म्हणजे अवलिया!" आणि त्यांनी निरोप समारंभातला किस्सा रंगवून सांगितला. हमीदने सत्काराची शाल स्वतः न घेता खुर्चीला पांघरली होती आणि म्हणाला होता, "इतकी वर्षं मला हिनं सोसलं, सत्कार हिचा करा." सभागृह हसलं. मीही हसलो.

बाहेर पडताना त्याच्या पत्नीने, भाभींनी, मला थांबवलं. "भाऊ, आमच्यात औलिया म्हटलं की लोक डोकं झाकतात. इथं हसले का?"

मराठीचा मास्तर मी, उत्तर तयार होतं. वली म्हणजे अल्लाहच्या जवळचा माणूस, औलिया हे त्याचं अनेकवचन. मराठीने ते एकेकट्या माणसाला लावलं. देवाच्या नादात ज्याला जगाचं भान उरत नाही, त्याचा तऱ्हेवाईकपणा तेवढा आपण ठेवून घेतला आणि त्यातला देव गाळला... भाभींनी ऐकून घेतलं, पण त्या हलल्या नाहीत. लोक हसले होते ते शालीला, शब्दाला नव्हे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मग मी खरं सांगितलं. शाल आणायचं काम माझ्याकडे होतं आणि मी विसरलो. ऐनवेळी घरच्या कपाटातली, मला कुठल्याशा सत्कारात मिळालेली शाल उचलली. व्यासपीठावर हमीदने घडी उलगडली तर आत माझ्याच नावाची चिठ्ठी. त्याने माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठी मुठीत दाबली आणि कुणाचं तिकडे लक्ष जाऊ नये म्हणून शाल खुर्चीवर टाकली. सत्काराची थट्टा झाली म्हणून संस्थेचे अध्यक्ष दुखावले. निवृत्तीनंतर त्याला मिळायचे जादा तास रद्द झाले. मी गप्प बसलो. तोही कधी बोलला नाही.

भाभी म्हणाल्या, "मला काय सांगता? जे हसले त्यांना सांगा."

तर त्यांना सांगतो. हमीदने त्या दिवशी कुणाची टिंगल केली नाही, मित्राची अब्रू राखली. त्याला अवलिया जरूर म्हणा, पण मूळ अर्थाने. हे छापून आलं की कात्रण शाळेच्या फलकावर मी स्वतः लावणार आहे, आणि वाचणारे विचारतील तेव्हा तिथंच उभा असणार आहे.