साठ गोळ्यांचं पार्सल

आत्या शर्टांच्या कारखान्यात बटणं तपासते. तीस वर्षं झाली. शर्टावरून नजर फिरवली की कुठलं बटण गळलंय ते तिला कळतं. हा गुण कारखान्यात ठेवून घरी यावं की नाही? छे. डब्यात बिस्किटं किती उरलीत तेही तिला ठाऊक. मी तिच्याकडेच वाढलो, त्यामुळे चोरून खाण्याचं सुख काही नशिबी आलं नाही.

तिचा धाकटा भाऊ, माझा काका, वर्षापूर्वी नोकरीसाठी परदेशी गेला. पंचेचाळिशीला आला तरी आत्याचा बाळ्याच. त्याला लहानपणापासून फिट येते. तिकडे डॉक्टर गाठायचा तर महिनोन्‌महिने रांग, म्हणून आत्या इथून दर महिन्याला साठ गोळ्या पाठवते. सकाळी एक, रात्री एक. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खोकं उघडंच न्यायचं, पोस्टातल्या बाईंनी आत पाहिलं की मगच चिकटपट्टी.

या खेपेला पार्सल तिकडच्या तपासणीत अडकलं. आत्याने बोटांवर मोजलं. बुधवारी रात्री शेवटची गोळी. सोमवारपासून तिचं कशात लक्ष लागेना. जेवताजेवता उठायची, पार्सल कुठवर आलं ते फोनवर पाहायची, परत ताटावर बसायची. मंगळवारी तिने पोस्टातल्या बाईंना चौथ्यांदा गाठलं.

"अहो, मी इथून ढकलू का ते?" त्या म्हणाल्या.

बुधवारी एक बटण नसलेला शर्ट तिच्या हातून पुढे गेला. मी म्हटलं, "एखादी गोळी चुकली म्हणून काय होतंय?" तशी ती माझ्यावर वसकन ओरडली. काकाला जिन्यात फिट आली होती तेव्हा ती दहा वर्षांची होती, रक्त तिनेच पुसलं होतं. मला हे माहीत होतं, तरी बोललो. जिभेला हाड नाही माझ्या.

गुरुवारी दुपारीही पार्सल जागचं हललं नव्हतं. आत्या अर्ध्या रजेवर घरी आली आणि काकाला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"बाळ्या, बरा आहेस ना रे? गोळ्या संपल्या ना?"

"अगं ताई, कशाला जिवाला घोर लावून घेतेस? आहेत अजून. येऊ दे सावकाश."

मला हायसं वाटलं. आत्याचा चेहरा मात्र उतरला.

"किती आहेत?"

"असतील पुष्कळ."

"मोज."

पाकिटांची खुडबुड ऐकू आली. "तीस."

"म्हणजे महिनाभर रोज एकच घेतलीस. दुसरी का नाही?"

काका म्हणाला, "सकाळची घेतली की झोप येते गं. कामावर डुलकी लागून चालत नाही."

"लागली डुलकी तर लागली. टेबलावर बसून कागद तर लिहायचे."

"ते काम गेल्या महिन्यात सुटलं, ताई. तुला उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही. आता मी क्रेन चालवतो."

किती उंच, हे आत्याने विचारलं नाही.