टिटवीचं देवस्थान

आमच्या साडूंइतका पाखरांच्या धाकात राहणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. बायकोचा धाक सगळ्यांनाच असतो, त्यात काय मोठंसं! पण हा माणूस चैत्रापासून आषाढापर्यंत स्वतःच्याच घरात कुजबुजत बोलतो, कारण मीटरच्या पेटीमागे चिमणी अंड्यांवर असते. एरंडोलला त्यांच्याकडे जेवायला गेलो की आमच्या मेव्हणीबाई, म्हणजे अक्का, "वरण वाढू का?" हेसुद्धा खुणेनं विचारतात. दोरीवर लाल लुगडं वाळत घालायचं नाही, पाखरू बुजतं. वायरमनच्या नोकरीत असताना एकदा हे विजेच्या खांबावरचं कावळ्याचं घरटं काढायला चढले आणि आत पिल्लं पाहून तसेच उतरले. गल्ली दोन दिवस पंख्यावाचून उकडत पडली. लोक भांडायला आले तर म्हणाले, "तुम्हाले अंगण शे, बाज शे. त्यास्नी कोठे जावं?" पुतण्याच्या लग्नात तर कहरच! वरात लिंबाखाली आल्याबरोबर यांनी बँड बंद करवला. नवरदेव घोड्यावर, पुढे शंभर माणसं, आणि आवाज म्हणाल तर नुसत्या चपलांचा.

देवाचं मात्र त्यांना वावडं. अक्का पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेल्या की हे बाहेर झाडांवर दुर्बीण लावून बसणार. हात जोडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

यंदा मे महिन्यात त्यांच्या वावरात टिटवीनं चार अंडी घातली. टिटवीला घरटं असं नसतंच, उघड्या जमिनीवर चार खडे मांडले की झाला तिचा संसार. गेल्या वर्षी अशीच अंडी ट्रॅक्टरखाली गेली होती आणि साडू दोन दिवस जेवले नव्हते. त्यामुळे यंदा कपाशीसाठी वखरणी व्हायच्या आधी त्यांनी खूण करायची ठरवली. घरात चुना नव्हता, पण तुळशीवृंदावन रंगवून उरलेला गेरू होता. तोच चार दगडांना फासला आणि ते दगड अंड्यांभोवती मांडून ठेवले. ट्रॅक्टरवाला बिचारा वळसा घालून गेला. साडूंनी ऐटीत मला फोन केला, "या, दाखवतो." मी पिंप्राळ्याहून स्कूटर काढली आणि डोक्याला उपरणं गुंडाळून भर उन्हात पोहोचलो.

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे वावरात चार तांबडे दगड मांडायचे आणि वर तिथे देव नाही म्हणायचं, हे कसं जमावं? आम्ही दोघं बांधावर येऊन पाहतो तो दगडांभोवती वीस-पंचवीस माणसं! हळद-कुंकू वाहून झालेलं, उदबत्ती पेटलेली, एकजण नारळाची शेंडी सोलत बसलेला. वर टिटवी जीव तोडून ओरडत घिरट्या घालत होती. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात, पण नारळ घेऊन आलेल्या माणसांपुढे ती तरी काय करणार?

साडूंचा चेहरा उतरला. "अंडी शिजतील हो," ते मला म्हणाले. "ती पोट भिजवून येते, अंड्यांवर बसते, म्हणून ती गार राहतात. अर्धा तास उघडी राहिली की संपलं." ते धावत गेले, हात हलवून सांगू लागले, की बाबांनो, दगड मीच मांडले, हा देव नाही. कोण ऐकतंय! एक म्हातारी म्हणाली, "नाना, तुम्ही मानत नहीत ते ठीक शे, आम्हाले पाया पडू द्या. ती टिटवीबी कशी ओरडी राहिनी देख! देव जागृत शे."

 साडूंनी चपला काढल्या, पुढे गेले आणि त्या तापल्या मातीत साष्टांग आडवे झाले. माझा तर माझ्या डोळ्यांवर विश्वासच बसेना. उठून अंगाची माती न झटकता ते ओरडले, "हाई देवी कडक शे! तिले पन्नास पावलं दूरथीनच नमस्कार चालस. बठ्ठा मांगे सरका!"

सगळे निमूट मागे सरले, नारळवालासुद्धा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ऊन नुसतं भाजत होतं. मग टिटवी ओल्या पोटानं खाली उतरली, धावली, थांबली, पुन्हा धावली आणि अंगाखाली अंडी ओढून बसली. साडू बांधावर मट्कन बसले. "बसली हो, बसली!" म्हणत हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मलासुद्धा असं हायसं वाटलं की काय सांगू. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्यासाठी कधी देवापुढे वाकले नाहीत, टिटवीसाठी आडवे झाले!"

आठ-दहा दिवसांनी साडूंचा फोन आला, चारही फुटली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, पण उशीरच झाला. टिटवीची पिल्लं जन्मली की लगेच चालायला लागतात. आई त्यांना घेऊन शेजारच्या वावरात निघून गेली होती. दगडांच्या मधे टरफलाचा तुकडासुद्धा उरला नव्हता. "बरं झालं," साडू म्हणाले, "चारही नीट गेली. जीव भांड्यात पडला." मग म्हणाले, "चला, जेवायला जाऊ." असं म्हणाले खरे, पण त्या रिकाम्या जागेकडे पाहत बसूनच राहिले. मलाही काही उठावंसं वाटेना.