इंग्लंडला लिहा, म्हसावदला नको

तुम्ही दोघं फोनवर नेहमी विचारता, की गुरुवारी सकाळी आजी कुठे असते. म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एक आश्रमशाळा आहे. निवृत्त झाल्यापासून मी तिथल्या नववीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. मुली वरच्या पाड्यांवरच्या. घरी पावरी बोलतात, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त मी डोळे मोठे केले तर.

त्यांतल्या एकीविषयी लिहिते आहे. वर्गात ती सर्वांत हुशार, पण थंडी सुरू झाली की तिचे हातपाय दुखायचे. कधी सकाळच्या प्रार्थनेला ती भिंत धरून उभी असायची, कधी अंथरुणातूनच उठायची नाही. दर वेळी वसतिगृहाच्या अधीक्षिका तिच्या वडिलांना निरोप पाठवत आणि वडील मजुरी बुडवून डोंगरावरून खाली येत. दिवाळीनंतर ते कंटाळले. ऊसतोडीला गुजरातेत निघण्याआधी बाजाराच्या दिवशी येतो आणि मुलीला बरोबरच नेतो, दाखला काढून ठेवा, असं त्यांनी कळवलं. उसाच्या फडावर गेलेली मुलगी शाळेत परत येणं फार कठीण, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्या गुरुवारी आम्ही ऑफिसच्या ओट्यावर चहा घेत होतो. अधीक्षिका, खेळाचे सर, मी आणि आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर, ज्या मुलींना तपासायला येतात.

"मोठ्या मॅडम, गंमत बघा," सर मला म्हणाले. "तुमच्या तासाला ती टुणटुणीत. माझं मैदान आलं की पाय दुखतात!"

"घरची आठवण येते तिला," अधीक्षिका म्हणाल्या. "आणि सिस्टर, गोळ्या तुम्ही द्यायच्या, वडिलांच्या शिव्या मी खायच्या, असं किती दिवस चालायचं?"

एरवी सिस्टर कुणाचं ऐकून घेत नाहीत. त्या दिवशी मात्र त्या बशीतला चहा फुंकत राहिल्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

"मले माहीत शे, बाई," त्या म्हणाल्या. "पन मी सांगू शकत नही. मी तिनी मायले शबद देल शे."

मी विचारलं नाही. दिलेला शब्द मोडायला लावून मुलीचं भलं होईल, असं मला वाटेना. पण गप्प राहिलं तर मुलगी जाणार होती. मी म्हटलं, "मग शब्द तिच्या आईकडूनच सोडवून घेऊ. आणि मुलीलाही विचारू." अधीक्षिकांना मी एवढंच सांगितलं, की आई भेटेपर्यंत दाखल्यावर सही करू नका.

बाजाराच्या दिवशी आईवडील आले. सिस्टरनी आधी मायलेकींना बाजूच्या खोलीत नेलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा आईने पदराने तोंड पुसलेलं होतं. अधीक्षिका स्वतः डोंगरातल्याच. त्यांनी आईचं पावरी बोलणं आम्हाला सांगितलं. मुलीला सिकलसेल होता. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि थंडी, तहान, दमछाक झाली की हाडं ठणकतात. पण मोठ्या बहिणीची सोयरीक ठरत होती. या घरात रक्ताचा आजार आहे म्हटलं, की पाहुणे आल्या पावली परत गेले असते. म्हणून आईने सिस्टरना गप्प केलं होतं, आणि मुलगी या आजाराच्या गोळ्या पेटीत लपवून ठेवून घेत होती.

अधीक्षिकांनी कपाळाला हात लावला. "आणि मी हिला पहाटे गार पाण्याने आंघोळ करायला लावते!"

"आता काय, सगळ्यांना सांगणार?" वडिलांनी विचारलं.

मी मुलीकडे वळले. "तू सांग. कुणाला कळायला हवं?"

ती बोटांवर मोजत म्हणाली, "तुम्हाला आणि अधीक्षिका मॅडमना कळलंच. सरांना सांगा, नाहीतर ते पळवतील. स्वयंपाकाच्या मावशीला फक्त ऊन पाण्याचं सांगा, आजाराचं नको. पोरींना मी सांगेन. वाटलं तर."

आईने होकाराची मान हलवली. वडील म्हणाले, "पण दुखलं तर?"

"दुखल्यावर अधीक्षिका मॅडम पहिला फोन मला करतील," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तुम्हालाही लगेच कळवू."

दाखला बिनसहीचाच राहिला.

सरांना सांगितलं तेव्हा ते आधी चिडले. "मला कुणी बोललं असतं तर मी तिला मैदानात धाडलं असतं का?" नंतर त्यांनी एक युक्ती केली. मैदानावर मध्येच शिट्टी वाजवून सगळ्याच मुलींना पाणी प्यायला लावायचं आणि ज्या दमल्या असतील त्यांनी खुशाल बसायचं. त्यामुळे ती बसली तरी वेगळी दिसत नाही. मुली म्हणतात, सर म्हातारे झाले!

आईवडील ऊसतोडीला गेले ते तिला शाळेत ठेवून. त्यानंतरही या थंडीत एकदा तिचं दुखलं, पण सिस्टर त्याच दुपारी आल्या आणि पुढच्या गुरुवारी ती माझ्या तासाला वर्गात होती. आता ती दहावीची तयारी करते आहे, आणि सिस्टर व्हायचं म्हणते.

हे तुम्हाला लिहू का, असं मी तिला विचारलं. तिने आधी तुम्ही कुठे राहता ते विचारून घेतलं.

"इंग्लंडला लिहा," ती म्हणाली. "म्हसावदला नको. ताईचं लग्न होऊ द्या आधी."